अंजनमहाराजांचा काळा चष्मा

"हातात नारळ आहे. लुगडं हिरवं, काठ लाल," मी म्हणाले.

समोरच्या म्हातारीच्या हातातला नारळ धपकन खाली पडला आणि गडगडत गेला. "आगं बया! दिसतंय की हिला! खरंच दिसतंय!" असं ती ओरडली, आणि मांडवात जो गलका उठला तो काही विचारू नका. सतरंज्या सरकल्या, बांगड्या वाजल्या, कुणी माझ्या पायावर डोकं टेकलं, कुणी आपलं रडतं पोर उचलून माझ्या मांडीत ठेवलं. शेवटी कर्ण्यातून अंजनमहाराजांचा साखरेत घोळलेला आवाज आला. "शांत व्हा, माऊली, शांत व्हा. आत्ता कुठं एका लेकराला नजर दिली आहे. तुमचाही नंबर येईल."

ते लेकरू म्हणजे मी. नाव शिवांजली, वय सव्वीस, शिक्षण बी. ए. मी नऊ वर्षांची असताना माझी नजर गेली. त्या गुरुवारी मला म्हातारी दिसली नव्हती, नारळ दिसला नव्हता, लाल काठ तर नव्हताच नव्हता. मला काहीही दिसत नव्हतं आणि आजही दिसत नाही. हे सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण एवढं साधं वाक्य मला चार महिने बोलता आलं नव्हतं.

महाराजांचा मठ वडूजच्या पुढे, फाट्यापासून तीन किलोमीटर आत, उघड्या माळावर. एक पत्र्याची शेड, मागे चार खोल्या. महाराजांचं मूळ नाव गोपाळकृष्ण, आणि दीक्षा घेण्याआधी ते माधवनगरला एका चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकांचे नंबर उतरवून घ्यायचे. आता ते डबीतलं काळं अंजन करंगळीनं लोकांच्या डोळ्यांत घालत. "डोळा म्हणजे खिडकी, माऊली. खिडकीला जाळी लागली की आत बसलेल्या आत्म्याला कसं दिसणार? आम्ही फक्त जाळी पुसतो. सात गुरुवार, सात बोटं." आणि प्रत्येक प्रवचनाच्या शेवटी एक वाक्य ठरलेलं असे. "कसं होतं ते विचारू नका. विचारलं की तेज उतरतं."

मला तिथे माझ्या मामांनी नेलं होतं, रहिमतपूरच्या दादासोमामांनी. आईवडील गेल्यापासून मी त्यांच्याकडेच. सांगलीच्या अंधांच्या वसतिगृहात राहून मी शिकले होते, पांढरी काठी घेऊन एकटी बाजारात जात होते, पण नोकरी लागत नव्हती आणि लग्न जमत नव्हतं. सात गुरुवार मी अंजन घालून घेतलं. डोळे चुरचुरण्यापलीकडे काही झालं नाही. आठव्या गुरुवारी महाराजांनी मला मागच्या खोलीत बोलावलं, माझ्या नाकावर एक चष्मा ठेवला आणि म्हणाले, "यात बघ, बाळ."

चष्म्याच्या कोपऱ्यात तांदळाच्या दाण्याएवढा कॅमेरा होता आणि कानामागच्या दांडीत बारीकसा स्पीकर. दांडीवरचं बटण दाबलं की कॅमेरा समोरचं चित्र टिपतो आणि मोबाईलला पाठवतो. मोबाईल ते इंटरनेटवरून एआयकडे धाडतो, आणि तीन-चार सेकंदांनी एक बाई कानात सांगते की समोर काय आहे. अंध माणसांसाठीच केलेली वस्तू आहे ती, आणि चांगली वस्तू आहे. त्या दुपारी त्या बाईनं मला दुधाच्या पिशवीवरची तारीख वाचून दाखवली. सतरा वर्षांत पहिल्यांदा मी कुणालाही न विचारता काहीतरी वाचलं होतं. मी ढसाढसा रडले.

"रोज मिळेल," महाराज म्हणाले. "फक्त मांडवात चष्म्याबद्दल बोलायचं नाही. सेवा समज."

मी हो म्हणाले. मला कुणी बांधून नेलं नव्हतं, हे मला कबूल करायलाच हवं.

पण मग एकेक दार बंद होत गेलं. आधी माझी काठी कपाटात गेली. "लोकांसमोर काठी धरलीस तर अंजनाचा अपमान होतो." मग माझा मोबाईल गेला, कारण चष्मा त्यालाच जोडायचा होता. तो मोबाईल घेऊन महाराजांचा पुतण्या सौमित्र स्टेजमागच्या खोलीत बसे. वडूजला त्याचं रिचार्जचं दुकान होतं. चष्म्याला दिसे ते त्याला पडद्यावर दिसे, मी बोले ते त्याला ऐकू जाई, आणि त्याला वाटे तेव्हा तो माझ्या कानात बोले. त्याचं कामही होतं म्हणा. चष्म्यातली बाई हुशार असली तरी गावची नव्हती. घोंगडी पांघरून बसलेल्या धनगराला ती "काळं जनावर" म्हणे, गुळाच्या ढेपेला "प्लॅस्टिकची बादली". अशा वेळी सौमित्र घाईघाईनं कुजबुजे, "ढेप हाय, ढेप! पुढं सरपंचांची बायको हाय, नाव घे तिचं."

तुम्ही म्हणाल, लोकांना चष्मा दिसत नव्हता का? दिसत होता की. पण आंधळ्या बाईच्या डोळ्यांवर काळा चष्मा असायचाच, त्यात बघण्यासारखं काय आहे? नजर आली तर चष्मा कशाला, असं एका पोरानं एकदा विचारलं होतं. "नवी नजर कोवळी असते, उन्हानं करपते," महाराजांनी सांगितलं, आणि पोराच्या आजीनंच त्याला गप्प केलं.

खोलीला रात्रंदिवस बाहेरून कडी असे, माझ्या सुरक्षेसाठी. खोलीपासून स्टेजपर्यंत एक्केचाळीस पावलं होती. चार महिने माझं जग तेवढंच होतं.

त्या गुरुवारी, नारळवाल्या म्हातारीच्या मागे रांगेत एक तरुण बाई होती. तिनं माझे पाय धरले नाहीत. माझ्या कानाजवळ वाकून ती हळूच म्हणाली, "ताई, मी शरयू. ही माझी स्वानंदी, अडीच वर्षांची. जन्मापासनं बाहुल्या पांढऱ्या हायेत. डॉक्टर मोतीबिंदू म्हणत्यात. सोमवारी मिरजेला आपरेशन हाय. सासू म्हणती, रविवारी पुनवंला अंजन घालायचं, आपरेशन न्हाई करायचं. एवढ्याशा पोरीच्या डोळ्याला सुरी लावायची म्हटली की माझंबी काळीज थरथरतंय." मग तिनं माझा हात घट्ट धरला. "तुमी खरं सांगा. अंजनानं दिसतं?"

"व्हय म्हण," सौमित्र माझ्या कानात म्हणाला.

मी शरयूच्या हातातून माझा हात सोडवून घेतला.

"व्हय म्हण की! काय झालं?"

स्वानंदीनं माझं बोट धरलं होतं. तिच्या हाताला बिस्किटाचा चुरा लागला होता. मला माझी आई आठवली. माझ्या डोळ्यांत दाब वाढत होता तेव्हा आईनं मला तीन देवऋष्यांकडे नेलं, दीड वर्ष लिंबू उतरवले, आणि सांगलीच्या डॉक्टरांनी माझे डोळे तपासले तेव्हा आतली शीर सुकून गेली होती. "थोडं आधी आणलं असतं," एवढंच ते म्हणाले होते. आई जाईपर्यंत तेवढंच बोलत राहिली.

"महाराजांची कृपा," मी म्हणाले.

ते हो नव्हतं, नाहीही नव्हतं. शरयूनं सुटकेचा श्वास सोडला. तिनं ते हो समजून घेतलं होतं, आणि ती तसंच समजेल हे मला ठाऊक होतं. त्या दिवशी मला स्वतःची किळस आली.

शुक्रवारी मामा आले. मी त्यांना म्हणाले, "मामा, मला घरी न्या. मला हे जमत नाही."

"काय जमत न्हाई? दोन टाईम जेवाण, वर लोक पाया पडत्यात!" मामांचा आवाज चढला, मग एकदम खाली आला. "शिवे, मी आता ट्रस्टचा सेक्रेटरी हाय. पुनवंला आमदार विश्वजीतदादा येणार हायेत, समदा तालुका येणार हाय. रहिमतपुरात तुला आंधळी म्हणून कोण इचारत हुतं? आता तू गेलीस तर माज्या तोंडाला काळं लागंल."

त्यांनी बाहेर पडून कडी घातली, पण रागाच्या भरात ती नीट बसली नाही. मी दाराला हात लावला तर ते उघडलं.

दुपारची वेळ होती, सगळे जेवायला बसले होते. मी चष्मा घातला. काठी नव्हतीच, म्हणून यंत्राचाच आधार. बटण दाबलं. "समोर मोकळी जागा आहे. जमीन सपाट आहे," बाई म्हणाली. मी हात पुढे धरून चालू लागले. फाटा कुठल्या दिशेला आहे ते गाड्यांच्या आवाजावरून कळत होतं. वीसेक पावलं गेले आणि पायाखालची जमीनच संपली. मी कंबरभर खोल चरात पडले. पौर्णिमेच्या महाप्रसादाच्या कढया चढवायला खणलेलं ते चुलाण होतं. अजून पेटवलेलं नव्हतं, म्हणून आज हे लिहिते आहे.

"जमीन सपाट आहे," बाई पुन्हा म्हणाली. आणि तिच्यामागून सौमित्र, तोंडात घास धरून: "कुठं निगालीस?"

सांगलीला मला काठी शिकवणारे प्रबुद्ध सर एक गोष्ट रोज घोकून घेत. कुणी काहीही सांगो, पाऊल टाकायच्या आधी काठीला विचार. माणूस चुकतो, यंत्र चुकतं, काठी खड्ड्यात गेली की तुला कळतंच. चरातल्या मातीत बसून, नडगीवरचं रक्त पुसत, मला सरांचा आवाज आठवला. आणि एरवी डोक्यात न आलेली एक गोष्ट आली. ही बाई किती ठामपणे चुकते! तिला शंका म्हणून येत नाही. अगदी महाराजांसारखी. फरक एवढाच, की तिनं 'विचारू नका' असं कधी म्हटलं नव्हतं.

मला परत खोलीत आणल्यावर महाराजांनी नडगीवर हळद लावली आणि म्हणाले, "संशय घेतलास ना? म्हणून पडलीस." त्या दिवसापासून कडीला कुलूप आलं.

रविवार उजाडला. मला एक्केचाळीस पावलं चालवत स्टेजवर आणलं. पायऱ्या चढल्यावर मी उजवीकडे वळून बटण दाबलं. बाईनं सांगितलं, "एक पुरुष हात जोडून उभा आहे. पांढरा शर्ट. तो हसत आहे."

"नमस्कार," मी थांबून म्हणाले. उत्तर आलं नाही. मी पुन्हा म्हणाले, "नमस्कार, दादा."

सौमित्र कानात फिस्सकन हसला. "आगं, फ्लेक्स हाय त्यो! विश्वजीतदादांचा कटआऊट. दादा अजून साताऱ्यातच हायेत."

दादांच्या आधी दादांचा फ्लेक्स येतो, आपल्याकडे ही रीतच आहे. मी माझ्या खुर्चीवर जाऊन बसले. स्टेजच्या उजव्या कडेला, माझ्यापासून सहा पावलांवर एक कागदाचा माणूस उभा होता, आणि तो कागदाचा आहे हे मांडवातल्या पोरासोरांना दिसत होतं. फक्त माझ्या दिव्य नजरेला दिसत नव्हतं.

कार्यक्रम ठरल्यासारखा झाला. मी केळी ओळखली, हळकुंडं ओळखली, सरपंचांच्या बायकोचं नाव घेतलं. गजर झाला. मग महाराज म्हणाले, "आता एक अजाण लेकरू. आई तिला उद्या सुरीखाली देणार होती. आण गं बाई तिला पुढे. आणि शिवांजली, तू दोन शब्द सांग, म्हणजे या माउलीची भीती जाईल." माझ्या हातात माईक आला. डाव्या बाजूनं डबीचं झाकण उघडल्याचा आवाज आला, आणि स्वानंदीचं रडणं.

मी उभी राहिले. मला तीन वाक्यं पाठ करून दिली होती. त्यातलं एकही मी बोलले नाही. मी चष्मा काढला, त्याचं तोंड उजवीकडे धरलं, दांडीचा स्पीकर माईकला टेकवला आणि बटण दाबलं.

बाईला तीन-चार सेकंद लागतात हे मी आधी सांगितलंय. तेवढ्या वेळात महाराज माझ्याकडे येताना खडावा वाजल्या, मामा खालून "शिवे!" म्हणाले, आणि मला वाटलं, नेट गेलं असेल, आता हे लोक मला कधीच बाहेर सोडणार नाहीत.

मग चारी कर्णे बोलले. "एक पुरुष हात जोडून उभा आहे. पांढरा शर्ट. तो हसत आहे."

दीड-दोन हजार माना त्या फ्लेक्सकडे वळल्या असणार. मागून एक म्हातारा म्हणाला, "पुरुष? आरं, त्यो तर फलेक्स हाय!" कुणीतरी खुदकन हसलं.

आणि तेवढ्यात कर्ण्यांतून दुसरा आवाज आला. "शिवांजली! येडी झालीस काय? चष्मा घाल डोळ्यावर!" आपलाच आवाज माळभर घुमलेला ऐकून तो आणखी घाबरला, आणि घाबरून आणखी बोलला. "आवं काका, माईक वढा तिच्या हातनं! आवाज भाईर जातोय! दादासो, आवं बगताय काय नुसतं!"

"ह्यो कोण बोलतोय रं? चष्मा?"

"चष्मा कशाचा! ह्यो तर सौमित्र! माजं रिचार्ज करतोय की कायम!"

चारपाच जण स्टेजमागच्या खोलीकडे धावले आणि सौमित्रला मोबाईलसकट घेऊन आले. त्याच्या हातातला पडदा बघून एक बाई किंचाळली, "आगं, ह्यात तर आपुनच दिसतोय!" मी चष्मा ज्याच्याकडे वळवे तो माणूस मोबाईलमध्ये दिसे. मी माईकवरून सगळं सांगितलं. कॅमेरा कुठे, स्पीकर कुठे, बटण कुठे, बाई कोण आणि सौमित्र कधी बोलतो, सगळं.

महाराज हार मानणारे नव्हते. "माऊली! देव झाडातून बोलतो, दगडातून बोलतो, मग यंत्रातून का बोलणार नाही?"

पहिल्या रांगेतून यल्लाप्पा उठले. जतकडचे म्हातारे, दोन्ही डोळ्यांनी अंध, तीन महिने न चुकता अंजन घालणारे. "मग महाराज, माज्या कानात का न्हाई बोलला त्यो देव? द्या हिकडं त्यो चष्मा." त्यांनी चष्मा घातला, मी त्यांचं बोट बटणावर ठेवलं. थोड्या वेळानं म्हातारा हसायला लागला. "बाई म्हणतीया, म्होरं एक माणूस भगव्या कपड्यात हाय, आन् त्यो घाबरल्यागत दिसतोय."

मांडव फुटला. त्या हसण्यात शरयू माझ्याजवळ आली. तिनं पोरीला छातीशी धरलं होतं, मला रडण्याच्या आवाजावरून कळत होतं. ती म्हणाली, "ताई, गुरवारी मी तुमाला इचारलं हुतं."

"हो. आणि मी तुझ्याशी खोटं वागले." माईक अजून माझ्या हातातच होता, पण मी तो खाली केला. हे तिच्यासाठी होतं. "मला दिसत नाही, शरयू. अंजनानं नाही, चष्म्यानंही नाही. मला काहीच दिसत नाही. तू उद्या मिरजेला जा."

आंधळी आहे हे सांगताना मला इतकं मोकळं कधी वाटलं नव्हतं.

सगळे शहाणे झाले असं समजू नका. निम्मे लोक महाप्रसादाच्या रांगेत गेले, आणि दोघांनी मला विचारलं की उरलेलं अंजन गुडघ्याला चालेल का. महाराज मागच्या दारानं गेले. मामा माझ्याशी अजून बोलत नाहीत. माझी काठी गावच्या पोलीस पाटलांनी कपाट उघडून काढून दिली. यल्लाप्पांनी माझा खांदा धरला, मी काठी पुढे टाकली, चुलाणाला वळसा घातला आणि आम्ही दोघं तीन किलोमीटर चालत फाट्यावर आलो.

स्वानंदीचं ऑपरेशन झालं. तिला किती दिसेल, हे मी डॉक्टरांना फोन करून विचारलं. "आत्ता नक्की सांगता येणार नाही," ते म्हणाले. "थोडा उशीर झालाय. चष्मा लावू, व्यायाम देऊ, वर्षभर बघत राहू." मग माझ्या प्रत्येक प्रश्नाला, ते थकले होते तरी, त्यांनी उत्तर दिलं. काय कापलं, काय बसवलं, काय बिघडू शकतं, सगळं.

आज माझ्याकडे माझा स्वतःचा तसाच चष्मा आहे, आणि हातात काठी आहे. बाई सांगते, काठी तपासते. तुमच्या घरात कुणाला कमी दिसत असेल तर आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या, आणि आजच न्या. नजर येणारच नसेल तर त्याच्या हातात काठी द्या, जमलं तर यंत्र द्या, आणि ते कसं चालतं हे त्याला नीट समजावून सांगा. आणि कुणी करंगळीवर काही घेऊन तुमच्या लेकराच्या डोळ्यांपाशी आलं, तर त्याचा हात धरून विचारा, "हे कसं होतं?" तो म्हणाला की विचारू नका, तर लेकराला उचला आणि चालू लागा.